गावच्या वाचनकट्ट्यासाठी पुस्तकं सुचवा: इतिहास, खरे गुन्हे, थ्रिलर

अनेरकाठ (चोपडा)

राम राम मंडळी. गावच्या वाचनालयात वाचनकट्टा सुरू होतोय, त्याच्या यादीसाठी विचारते आहे. माणसं चौदा: दोन निवृत्त गुरुजी, चार कॉलेजची पोरं, बाकी शेतकरी आणि दुकानदार. महिन्याला एक पुस्तक, शेवटच्या रविवारी दोन तास चर्चा. खर्च हजाराच्या आत बसवायचा. पुस्तक मराठी किंवा मराठीत आलेलं हवं, कारण इंग्रजी चौघंच वाचतात. शिवकाल सगळ्यांचा थोडाफार वाचून झालाय, तेव्हा तो सोडून सांगा. खानदेशाचा संबंध असला तर फार बरं.

घोडं अडलंय ते इथे. कपाटात सरदेसायांच्या 'मराठी रियासती'चे आठही खंड आहेत आणि गुरुजी म्हणतात पहिल्यापासून सुरू करू. पोरं म्हणतात सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंदच्या कादंबऱ्या आणा. पहिल्या चार-पाच महिन्यांचं काय करावं?

लळिंगकर (धुळे)

ताई, रियासतीच्या पहिल्या खंडापासून निघालात तर तिसऱ्या महिन्यात कट्ट्यावर दोघं गुरुजीच उरतील. सरदेसायांचं काम डोंगराएवढं आहे, पण ते सलग वाचायचं पुस्तक नाही. हाताशी ठेवायचं आणि अडलं की उघडायचं. तुमच्याकडे आठही खंड आहेत हे भाग्यच, फक्त शेपटाकडून धरा.

पहिलं पुस्तक ना. सं. इनामदारांची 'झेप' घ्या. नायक त्रिंबकजी डेंगळे, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी. तुम्हाला हवेत ते तिन्ही विषय या एका माणसाच्या आयुष्यात आहेत. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. शास्त्री बडोद्याच्या गायकवाडांचे वकील, इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांकडे आलेले. विठोबाचं दर्शन घेऊन परतताना त्यांना वाटेत गाठून तोडलं. आळ त्रिंबकजींवर आला. पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, एल्फिन्स्टननं बाजीरावावर दाब आणून त्यांना ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. सप्टेंबर १८१६ मध्ये ते तिथून निसटले. पुढे गोडाजी आणि महिपा या पुतण्यांनी आपल्या खानदेशात भिल्लांना उठवून इंग्रजांना जेरीस आणलं. १८१८ मध्ये त्रिंबकजी पुन्हा सापडले, आणि शेवट झाला तो थेट गंगाकाठी, चुनारच्या किल्ल्यात.

चर्चेला प्रश्न एकच ठेवा: खून त्रिंबकजींनीच करवला का? कादंबरी नायकाच्या खांद्यावरून बघते, हे आधीच सांगून टाका. मग गुरुजींनी रियासतीच्या शेवटच्या खंडातली गंगाधरशास्त्री प्रकरणाची तेवढी पानं वाचून यायची आणि तीन गोष्टी मांडायच्या. तपास कोणी केला? साक्षी कोणाकोणाच्या? शास्त्री मेल्यानं कोणाचं काम झालं? गंमत अशी की तपास करणारा, आरोप ठेवणारा आणि शिक्षा मागणारा रेसिडेंट एकच होता. दोन तास कमी पडतील.

ठाण्याच्या पलायनाची ती प्रसिद्ध गोष्टही घ्या. बाहेर एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाणं म्हणायचा, आणि गाण्यातच पळण्याचा सगळा बेत सांगितलेला असायचा. पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठी कुठलं कळायला! ही गोष्ट बिशप हेबरच्या प्रवासवर्णनात येते. म्हणजे घटनेनंतर काही वर्षांनी, ऐकून लिहिलेली. कादंबरीला ती सोन्यासारखी, पण इतिहासात तिचं वजन किती धरायचं? पोरांना हा फरक व्याख्यानापेक्षा या एका गाण्यावरून लवकर समजेल.

दुसऱ्या महिन्याला खर्च शून्य. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड म्हणजे खानदेश, १८८० सालचा. इंटरनेटवर फुकट मिळतो. इंग्रजीत आहे, म्हणून चौघा पोरांना पाच-पाच पानं वाटून द्या आणि त्यांनी ती कट्ट्यावर मराठीत सांगायची. पानं थाळनेरची निवडा. तुमच्यापासून तासाभराच्या आतलं गाव, शिरपूर तालुका, तापीचा काठ. मंदसोरच्या तहात होळकरांनी हा मुलूख सोडलेला. २७ फेब्रुवारी १८१८ ला सर थॉमस हिस्लॉपची फौज दारात आली. बोलणी अर्धवट असतानाच काही शिपाई आणि अधिकारी दिंडीदरवाज्यातून आत शिरले, आतल्या शिबंदीनं त्यांच्यावर हत्यार चालवलं आणि त्यात दोन अधिकारी पडले. त्यानंतर आतली सुमारे तीनशे माणसं कापली गेली. किल्लेदार त्याआधीच स्वाधीन झाला होता, त्याला त्याच दिवशी फाशी. हे इतकं उघडंनागडं होतं की विलायतेत पार्लमेंटातही हिस्लॉपवर बोट ठेवलं गेलं. दिंडीत नेमकं काय झालं, दगा की घोटाळा, यावर तेव्हापासून वाद आहे.

शोधताना एक अडचण हमखास येते. जुन्या इंग्रजी कागदांत नावं वेगळी आहेत. धुळे म्हणजे 'धुलिया', मुक्ताईनगर म्हणजे 'एदलाबाद', थाळनेरची तर तीन-चार स्पेलिंगं. आजच्या स्पेलिंगनं शोधलं की काही सापडत नाही आणि माणूस म्हणतो पुस्तकात नाहीच. शिवाय १८८० चा खानदेश हा एकच जिल्हा आहे. पूर्व-पश्चिम अशी फाळणी १९०६ ची, त्यामुळे नंदुरबार, धुळे, जळगाव सगळं एकाच खंडात मिळेल.

भुसावळ जंक्शन

लळिंगकरांचं दोन्ही बरोबर. मी फक्त खऱ्या गुन्ह्यांचं सांगतो.

असं पुस्तक घेताना लेखक कोणत्या बाजूला बसलेला आहे ते आधी बघायचं. आरोपी लिहितो, पोलीस अधिकारी लिहितो, नाहीतर पत्रकार लिहितो. प्रत्येकाची लपवायची जागा ठरलेली असते.

आरोपीनं लिहिलेलं मराठीतलं ठळक पुस्तक म्हणजे मुनव्वर शाहचं 'येस, आय ॲम गिल्टी'. पुण्याचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून, करणारी कॉलेजची पोरं. जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शाह या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. पुस्तक हातात धरलं की खाली ठेवत नाही, आणि नेमकं तिथंच सावध राहायचं. वाचताना पेन्सिलनं खुणा करा: 'मी केलं' कुठं म्हणतो, 'आम्ही केलं' कुठं आणि 'त्यानं करायला लावलं' कुठं. क्रियापदं मोजली की माणूस कळतो. सोबत याच खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढून ठेवा. चांदक हा साथीदार माफीचा साक्षीदार झाला होता, तेव्हा त्याच्या जबानीला कशाकशाचा आधार लागतो हेही कोणीतरी समजून सांगावं.

निकाल वाचणं हा प्रकार लोक उगाच अवघड समजतात. नमुना म्हणून नानावटी घ्या. 'के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य', २४ नोव्हेंबर १९६१. 'इंडियन कानून' नावाच्या साइटवर पक्षकाराचं नाव टाकलं की मोफत मिळतो. लांबलचक आहे, कायद्याच्या चर्चेत बुडू नका. सुरुवातीचा हकिगतीचा भाग आणि नंतरचा बेडरूममधल्या झटापटीचा भाग तेवढा वाचा. २७ एप्रिल १९५९: नौदलातला अधिकारी बायको-मुलांना सिनेमाला सोडतो, युद्धनौकेवर जातो, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतो आणि बायकोचा प्रियकर आहुजा याच्या घरी पोचतो. आहुजा नुकताच आंघोळ करून बाहेर आलेला, कमरेला फक्त टॉवेल. आत तीन गोळ्या सुटतात. बचाव असा की झटापट झाली आणि त्यात गोळ्या उडाल्या. कोर्टानं बोट ठेवलं टॉवेलवर: प्रेत पडलं होतं तेव्हाही तो कमरेला जागच्या जागी होता. जीव खाऊन झटापट झाली असती तर टॉवेल सुटला नसता का? कोणत्याही रहस्यकथेतल्या डिटेक्टिव्हला शोभेल असं हे वाक्य, आणि ते निकालपत्रात आहे. ज्युरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष सोडलं होतं, हे त्यानंतर वाचलं की मजा दुप्पट. या खटल्यावर बची करकरियांचं 'इन हॉट ब्लड' इंग्रजीत आहे, पोरांना झेपेल. ही देशातली शेवटची ज्युरी केस होती असं जे सगळे ठोकून देतात ते मात्र खरं नाही. त्यानंतरही काही ठिकाणी ज्युरी चालू होत्या.

पोलिसाच्या बाजूचं हवं तर रमाकांत कुलकर्णी. मुंबईचा खुनी रामन राघव आणि मानवतचं हत्याकांड, दोन्ही तपास त्यांच्या नावावर. पत्रकारांत हुसेन झैदी. त्यांची काही पुस्तकं मराठीतही आली आहेत. माझ्या मते 'ब्लॅक फ्रायडे' (२००२) बाकीच्यांपेक्षा उजवं, कारण त्यात तपासाची साखळी दिसते. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर वरळीला एक बेवारस मारुती व्हॅन सापडते, आत शस्त्रं. नोंदणीवरून मालकाचं नाव निघतं, नावावरून माहीमची इमारत, तिथून मेमन कुटुंब. टोळ्यांवरची त्यांची पुस्तकं रंगतदार आहेत, पण त्यातले बंद खोलीतले संवाद वाचताना स्वतःला विचारा: हे ऐकायला तिथं कोण बसलं होतं?

आणि एक सांभाळा ताई. आपल्या तालुक्यातली, कोर्टात चालू असलेली कुठलीही केस कट्ट्यावर घेऊ नका. चौदा माणसांत एखाद्याचा तरी सोयरा निघतोच.

बोरीकाठ (अमळनेर)

पोरांच्या बाजूनं कोणीतरी बोलायला हवं, म्हणून मी.

सुहास शिरवळकर घ्याच, पण दारा बुलंद नको. वाचायला भन्नाट, पण चर्चेला त्यात काही उरत नाही. त्याऐवजी त्यांचाच बॅरिस्टर अमर विश्वास घ्या. गोष्ट कोर्टात चालते, म्हणजे साक्ष कुठं फुटते, पुरावा कुठं तोकडा पडतो यावर बोलता येतं. आधी नानावटीचा निकाल झाला असेल तर कादंबरीतलं कोर्ट किती खरं आणि किती नाटकी हेही पोरं स्वतःच सांगतील. फिरोज इराणी पुढच्या वर्षाला ठेवा.

बाबुराव अर्नाळकरांची पुस्तकं छोटी, एका बैठकीत संपणारी. झुंजार, काळा पहाड, धनंजय असे तीन नायक तीन पुस्तकांत, मिळून एक महिना. गुरुजींच्या पिढीनं ती अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचलीत, तेव्हा त्या दिवशी बोलतील तेच.

परक्यांपैकी एकच सांगायचं तर फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' (१९७१). फ्रान्सचा अध्यक्ष द गॉल खून होऊन मेला नाही हे वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून ठाऊक असतं, तरी शेवटपर्यंत जीव टांगणीला. सुरुवात खऱ्या घटनेपासून होते. २२ ऑगस्ट १९६२ ला पेती-क्लामार इथं द गॉलच्या गाडीवर गोळीबार झाला, आणि सूत्रधार बास्तियाँ-तिरीला मार्च १९६३ मध्ये गोळ्या घालून मृत्युदंड दिला. इथवर इतिहास, पुढं कल्पना, आणि सांधा सापडत नाही. लहानपणी वारलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढायची युक्ती वाचाल तेव्हा लक्षात ठेवा, ती पळवाट तेव्हा खरोखरच होती.

अनुवाद घेताना मुखपृष्ठावर जाऊ नका, आतलं पान उलटा. 'अनुवाद', 'स्वैर अनुवाद', 'रूपांतर', 'संक्षिप्त' या चार शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. होम्सचं उदाहरण सोपं. मूळ छप्पन्न कथा आणि चार कादंबऱ्या, एकूण साठ. 'संपूर्ण शेरलॉक होम्स' असं छापलेलं पुस्तक दिसलं की अनुक्रमणिका मोजा. साठ भरत नसतील तर संपूर्ण कसलं! रूपांतर वाईटच असतं असं नाही हो. नारायण धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगवरून घेतलेली आहे आणि ती अस्सल मराठी वाटते. फक्त काय वाचतोय ते ठाऊक असावं.

रवींद्र गुर्जरांची दोन पुस्तकं मात्र डोळे झाकून घ्या. 'सत्तर दिवस': ऑक्टोबर १९७२, अँडीज पर्वतात कोसळलेलं विमान, पंचेचाळीस जणांपैकी सोळा जगले, खरी घटना. आणि 'पॅपिलॉन', तुरुंगातून पळण्याची आत्मकथा. त्यातलं बरंच दुसऱ्या कैद्यांचं आपल्या नावावर घातलेलं असावं असा संशय जुना आहे. दोन्ही एका पाठोपाठ ठेवली तर भुसावळकरांचा 'कोण कुठं बसलं होतं' हा प्रश्न परत येतो.

चर्चेची एक युक्ती. रहस्यकथा असेल तर दोन तृतीयांश पान आधी ठरवून टाका. समजा पुस्तक २४० पानांचं, तर १६० वं पान. तिथं पोचलं की चिठ्ठीवर संशयिताचं नाव आणि एका ओळीत कारण लिहून ग्रंथपालाकडे द्यायचं. चिठ्ठ्या रविवारी फोडा. शेवट आधी सांगणाऱ्याला भरीत-भाकरीचा दंड.

केळीबाग (रावेर)

खर्चाचं गणित कोणी मांडलं नाही. चौदा माणसं आणि एक प्रत म्हणजे माणशी दोन दिवस, तीनशे पानांचं पुस्तक दोन दिवसांत शेतकऱ्याचं होत नाही. तीन प्रती घ्या. एका प्रतीमागं पाच माणसं, माणशी सहा दिवस, रोजची पन्नास पानं. महिना बरोबर बसतो. म्हणून पुस्तक तीनशेच्या आतलंच निवडा. 'झेप' जाडी आहे, तिला दोन महिने द्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात कट्टा मोडेल. सगळ्या प्रती विकत कशाला? एक तुमच्या वाचनालयाची, एक जळगाव-अमळनेरच्या मोठ्या वाचनालयातून कोणा सभासदाच्या नावावर, तिसरी विकत.

जुनी पुस्तकं घेताना फॉर्म तपासा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापून बांधतात. बांधताना एखादा फॉर्म राहतो नाहीतर दोनदा लागतो. १६, ३२, ४८ अशा पानांपाशी क्रम जुळतो का ते दुकानातच उलटून बघायचं, दोन मिनिटांचं काम. रहस्यकथेत शेवटचा फॉर्म गायब असला की काय होतं ते सांगायला नको. रस्त्यावरच्या नकली प्रतींत हे जास्त, शिवाय अक्षर फिकट आणि कडेचा मजकूर कापलेला. तसल्या घेऊच नका.

आणि मे महिन्यात पुस्तक बंद गाडीत ठेवू नका भो. बिनशिवणीच्या बांधणीचा डिंक आपल्या उन्हात नरम पडतो, मग पुस्तक उघडलं की पानं केळीच्या सालीसारखी सुटतात.

अनेरकाठ (चोपडा)

सगळ्यांचे आभार. गुरुजींना 'झेप' पटली, पोरांना अमर विश्वास. आता पानिपतावर वाद पेटलाय. पोरांना विश्वास पाटलांची कादंबरी हवी, गुरुजी म्हणतात शेजवलकर. कोणतं आधी? आणि जुन्या पत्रांतल्या तारखांचा घोळ कसा सोडवायचा?

लळिंगकर (धुळे)

कादंबरी आधी, शेजवलकर नंतर. उलट केलंत तर पोरं शेजवलकर उघडणारच नाहीत. 'पानिपत' वाचताना भिंतीवर नकाशा लावा आणि त्यावर चार जागा टोचा: बऱ्हाणपूर, कुंजपुरा, बागपत, पानिपत. भाऊंची फौज एप्रिल १७६० च्या सुरुवातीला बऱ्हाणपुरावरून गेली, म्हणजे रावेरकरांच्या उंबऱ्यावरूनच. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकला, त्याच महिन्यात अब्दालीनं बागपतपाशी यमुना उतरून दिल्लीची वाट तोडली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली. लढाई १४ जानेवारी १७६१ ला, पण जनावरं आणि माणसं उपाशी पडायला त्याआधीच लागली होती. नकाशा समोर असला की भाऊ भांडखोर होते की नव्हते यावर वेळ न जाता दाणागोट्यावर बोलणं होतं. मग शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' गुरुजींच्या हाती द्या. काशिराजाची हकिगतही कोणी शोधावी. तो शुजाउद्दौलाच्या पदरी होता, म्हणजे मराठी माणूस, पण समोरच्या छावणीतला.

तारखांचं असं: इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९. पत्रात शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, महिना बघून. सतराव्या शतकातल्या इंग्रजांच्या पत्रांत तारीख आजच्या पंचांगापेक्षा दहा दिवस मागं असते, १७०० पासून १७५२ पर्यंत हा फरक अकरा दिवसांचा धरायचा. एका घटनेच्या दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या तर आधी हा हिशेब करा, मग भांडा.

बोरीकाठ (अमळनेर)

पानिपतानंतर गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' ठेवा. १८५७ च्या धामधुमीत सापडलेला कोकणातला भिक्षुक, झाशी पडताना शहरातच. इंग्रजी फौज घुसल्यावर लपून बसलेल्या माणसाला काय दिसतं आणि काय फक्त ऐकू येतं, ते त्यानं लिहिलंय तसं कुठल्या थ्रिलरात नाही. पण आवृत्ती बघून घ्या. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापताना भाषा घासूनपुसून काढली आणि मजकुरात काटछाट केली. मूळ हस्तलिखितावरून द. वा. पोतदारांनी १९६६ मध्ये काढली ती घ्या, किंवा तिच्यावरून निघालेली. प्रस्तावनेची पहिली दोन पानं वाचली की कोणती हातात आहे ते कळतं.

पोरांना मूळ कागद कसे असतात ते बघायचं असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले, त्यांचा संग्रह तिथं आहे. आधी विचारून जा, चौदाच्या चौदा एकदम नको. पेन खिशात, हातात पेन्सिल. आणि मोडीचं एक तरी पान कोणाकडून वाचून घ्या, पोरांना सलग ओढलेल्या त्या ओळीत शब्द कुठं तुटतो तेच आधी दिसत नाही.